मागणी करणाऱ्याचं मत

होळी उलटली की आमच्या पिपलानीच्या क्वार्टरची दारं खडखडायला लागतात. लाकूड आकसतं. पावसाळ्यात जे दार खांदा लावून ढकलावं लागतं, तेच एप्रिलमध्ये वाऱ्याच्या झुळकीनं उघडतं आणि उगाच आपटत राहतं. माळ्यावरचे कूलर खाली येतात, गल्लीत जागोजागी त्यांची जुनी खस, म्हणजे वाळा, उपटून टाकलेली दिसते, आणि संध्याकाळी घराघरातून नवी खस भिजल्याचा वास यायला लागतो. लोकांना हा वास आवडतो. मलाही आवडायचा. गेली सहा वर्षं मात्र तो आला की मी घरात कुणावर तरी खेकसते.

कुणावर तरी म्हणजे ह्यांच्यावरच. ते बिचारे पेपर वाचत बसलेले असतात. “अगं, मी काय केलं?” म्हणतात. काही केलं नाहीत हो तुम्ही. जे केलं ते मीच केलं.

आणि केलं तरी काय? मुलीला एक गिटार घेऊन दिली. चुकीची घेऊन दिली. लोकांच्या आयुष्यात केवढं काय काय घडतं, आणि मी बसलेय एका गिटारीला धरून, असं माझं मलाच वाटतं कधीकधी. पण त्या उन्हाळ्यानंतर माझी मुलगी वाजवायची थांबली, आणि नुसती वाजवायची थांबली असती तरी मी इतकी कुढत बसले नसते.

रेवा तेव्हा वीस वर्षांची होती. कॉलेजचं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि बाईसाहेब डायनिंग टेबलावर बोटं आपटत बसलेल्या. बरखेड्याच्या फ्रान्सिस सरांकडे ती अकराव्या वर्षापासून गिटार शिकत होती. सर चर्चमध्ये वाजवायचे, शांत, स्वच्छ, एकेक सूर पुसून ठेवल्यासारखा. सतराव्या वर्षी तिनं मोबाईलवर कुणा स्पॅनिश म्हाताऱ्याला फ्लामेंको वाजवताना पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. हे स्पेनमधल्या साध्यासुध्या लोकांचं वाजवणं. टाळ्या, पायाचे ठोके, आणि गिटार अशी बडवायची की ती तंतुवाद्य आहे की ढोलकी असा प्रश्न पडावा. बारा मात्रांचा ठेका असतो म्हणे, पण आपल्या एकतालासारखा नाही, वजनं भलत्याच ठिकाणी. तो ठेका माझ्या पोळीच्या डब्यावर, स्कूटरच्या सीटवर, आंघोळ करताना बादलीवर, अष्टौप्रहर चालायचा.

नखांचं तर विचारू नका. उजव्या हाताची नखं वाढवलेली आणि ती तुटू नयेत म्हणून त्यांवर कसला तरी चिकटवायचा गोंद थापलेला. त्यामुळे भांडी घासायची नाहीत, मटार सोलायचे नाहीत, कपडे पिळायचे नाहीत. “आई, नखं!” की संपलं. मी म्हणायचे, सासरी गेल्यावर नखं दाखवशील का सासूला? ती म्हणायची, “सासूलाच गोंद लावीन.” अशी होती माझी पोरगी. तोंडानं फटकळ, डोक्यात वारं, आणि आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असलेली. आज हे लिहितानासुद्धा मला त्या उत्तराचं हसू येतं.

गोव्यात एक बाई राहायच्या. बरीच वर्षं स्पेनमध्ये काढून आलेल्या. दर पावसाळ्यात चारच मुलं घ्यायच्या शिकायला, घरी ठेवून. मे अखेरपर्यंत आपलं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवायचं, त्यांना पटलं तर बोलावणार. रेवानं तीन वर्षं त्याचीच तयारी केली होती. पण तिच्याकडची गिटार शिकाऊ, जाडजूड. तिच्यावर फ्लामेंको म्हणजे रबरी चपला घालून कथक, असं तिचं म्हणणं. “आई, एक खरीखुरी फ्लामेंकोची गिटार बघू या ना,” ती म्हणाली. आणि मी म्हटलं, “बघू या. पण नीट बघू या.”

नीट बघणं हा माझा धंदाच. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात खरेदी विभागात अठ्ठावीस वर्षं काढली मी. पेन्सिलपासून क्रेनच्या दोरापर्यंत काय काय घेतलंय. आमचं एक तंत्र असतं. आधी हव्या त्या वस्तूचा तपशील लिहायचा, मग तज्ज्ञांची मतं, मग तुलनेचा तक्ता, गुण, बेरीज, आणि ज्याची बेरीज जास्त ते घ्यायचं. आणि आमच्या पहिल्या साहेबांनी मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, विकणाऱ्याचं मत धरायचं नाही. दोन, ज्या विभागानं मागणी केलीय त्याचंही मत धरायचं नाही, कारण त्याचं मन आधीच कुठेतरी जाऊन बसलेलं असतं. मी त्या दोन गोष्टी आयुष्यभर पाळल्या, माझ्यावर कधी एक शेरा आला नाही, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

तर मी डायरी काढली आणि रकाने आखले. लाकूड, बांधणी, आवाज, दुरुस्तीची सोय, तज्ज्ञांचं मत. रेवा खो खो हसली. “आई, तू टेंडर काढतेयस का?” हे म्हणाले, “अगं, तिला हवी ती घेऊन टाक ना.” मी म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका.

पहिली गिटार तुलसी नगरला सापडली. मोघेकाका म्हणून मूळचे नागपूरचे, मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त परदेशी होता, तिकडेच शिकला, आणि वारल्यावर त्याची गिटार काकांकडे आली. वाजवणारं घरात कुणी नाही, पडून वाळून जाईल, म्हणून विकायची होती. काकांनी पेटी दिवाणावर ठेवली, कुलपं उघडली. फिकट पिवळं लाकूड, त्यावर नखांनी ओरबाडलेली प्लॅस्टिकची पातळ चकती, एका कुशीला चीर बुजवल्याची रेघ. मी उचलून पाहिली तर हातात काही आहे की नाही कळेना, इतकी हलकी. मनात म्हटलं, हे तर खोकं आहे.

रेवानं ती मांडीवर घेतली. तारा जुळवल्या आणि एकदाच उजव्या हाताची चारी बोटं त्यांवरून फेकली. तापल्या कढईत मोहरी पडावी तसा आवाज आला. कोरडा, खडखडीत, लगेच विझणारा. तारा लाकडाच्या इतक्या जवळ की वाजताना त्यांची खरखर ऐकू येत होती. मला वाटलं, गेली कामातून. आणि रेवाकडे बघते तर तिनं वाजवणं थांबवून तोंडावर हात ठेवला होता. हसत होती. मग तिनं गिटारीच्या कुशीला कान लावला, डोळे मिटले आणि अंगठ्यानं एकच तार हळू वाजवत राहिली. पाच मिनिटं तरी. काकांच्या सुनेनं आणलेलं सरबत कोमट झालं.

“ही जरा घरघरते बाई,” मोघेकाका मला म्हणाले. “पण भाऊ म्हणायचा, ही घरघर हवीच. ती गेली तर हे वाद्य गेलं.”

मी डायरीत लिहिलं, ‘विकणारा दोष कबूल करतो.’

काय म्हणावं अशा बाईला!

काका भले. दोन दिवस घरी घेऊन जा म्हणाले, दाखवा कुणाला दाखवायची तर. मी फ्रान्सिस सरांना बोलावलं. सरांनी सगळ्या सुरांवरून एकदा सावकाश बोट फिरवलं आणि मान हलवली. “बज़ कर रहा है। नीचे बैठे हैं तार।” मग त्यांनी तारा सैल केल्या, बुडाशी त्या जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी उचलली, पाकिटातून कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड काढून दुमडलं आणि पट्टीखाली सरकवलं. तारा उंच झाल्या. खरखर गेली. सरांनी एक स्तोत्र वाजवलं, छान गोल गोल आवाजात. “देखिए मैडम, गया ना?” माझ्या तर टाळ्याच वाजवायच्या बाकी होत्या. रेवानं गिटार घेतली, तिचे ते चार फटकारे मारून पाहिले आणि तारा सैल करून कार्ड बाहेर काढलं. सर हसले, पण त्यांना लागलं असावं. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन झापलं. मोठ्या माणसांसमोर असं वागतात?

“आई, सरांनी कधी फ्लामेंको वाजवलेलं नाहीये.”

“सर तीस वर्षं गिटार वाजवतायत. तू फ्लामेंको किती वर्षं वाजवतेस? तीन.”

ती गिटार पेटीत ठेवायला बाहेर निघून गेली.

दुसरे तज्ज्ञ पप्पूभाई. आमच्या ऑफिसातल्या शर्माजींचे मेहुणे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांनी कुशीवरची चीर पाहिली आणि हात झटकले. “भाभीजी, पुराना माल है। गर्मी में और फटेगा। और माइक पे तो इसकी आवाज़ टिकेगी ही नहीं।” मी तेही लिहून घेतलं. मग त्यांच्याच ओळखीच्या दुकानात आम्ही दुसरी गिटार पाहिली. नवी कोरी, जड, गडद शिसवी, आरशासारखी चमकणारी. एक सूर छेडला की घंटेसारखा घुमत राहायचा. फ्रान्सिस सरांना ती आवडली, पप्पूभाईंना आवडली, दुकानदारानं दुरुस्तीची हमी दिली. रेवानं वाजवून पाहिली आणि “छान आहे” म्हणाली, पाहुण्यांच्या घरच्या शिऱ्याला म्हणतो तसं.

रविवारी सकाळी मी तक्ता पुरा केला. नव्या गिटारीला अठ्ठ्याहत्तर गुण, तुलसी नगरच्या गिटारीला एक्केचाळीस. आवाजाच्या रकान्यात मी खरखरीचे गुण कापले होते. लगेच विझतो म्हणूनही कापले होते. फ्लामेंकोला तोच लगेच विझणारा, तिखट आवाज लागतो, पुढचा ठोका मागच्याच्या अंगावर चढू नये म्हणून, आणि ती थोडी घरघर त्या वाजवण्याचा भाग असते, हे मला आज माहीत आहे. नंतर जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोनची बोंडं घालून मी तासन् तास ऐकलंय. प्रत्येक चांगल्या वाजवणाऱ्याच्या गिटारीत ती घरघर आहे. फ्रान्सिस सर खोटं बोलले नव्हते. त्यांच्या स्तोत्रांसाठी ती गिटार वाईटच होती. पप्पूभाईही खोटं बोलले नाहीत, मांडवात माइकपुढे ती वाजलीच नसती. मी त्यांच्या अनुभवाची वर्षं मोजली, अनुभव कशाचा ते विचारलं नाही. कारखान्यात क्रेनचा दोर घेताना मी असली चूक केली असती तर साहेबांनी फाईल माझ्या अंगावर फेकली असती.

तक्ता मी रेवापुढे ठेवला. तिनं एकेक रकाना बोट ठेवून वाचला.

“पण मला ती आवडलीय,” ती म्हणाली. एकदाच म्हणाली.

आणि मी म्हटलं, “आवडणं हा निकष नसतो, बाळा.”

हे वाक्य मी उच्चारलंय. शांतपणे, समजुतीच्या सुरात, वर तिच्या डोक्यावरून हात फिरवत. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती तर हट्टी पोर, एरवी एका कुर्त्यावरून दोन दिवस अबोला धरणारी. पण त्या दिवशी तिनं सर, पप्पूभाई, मी, सगळ्यांची मतं एका कागदावर ओळीनं मांडलेली पाहिली, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच शंका आली. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी ओतताना ती पाठमोरीच म्हणाली, “तुमचं बरोबर असेल. मलाच कळत नसेल अजून.”

मला तेव्हा हुश्श वाटलं. पोरगी समजूतदार झाली असं वाटलं. फोन करून नागपूरला बहिणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मोघेकाकांकडे गिटार परत द्यायला आम्ही दोघी बसनं गेलो. काकांनी पेटी उघडून एकदा आत पाहिलं, “नाही जमलं का?” एवढंच विचारलं. रेवा म्हणाली, “काका, जरा घरघरते ना.” माझेच शब्द, माझ्याच सुरात. काकांनी तिच्याकडे जरा चमकून पाहिलं होतं, ते मला आठवतं.

नव्या गिटारीवर तिनं महिनाभर घाम गाळला. दार बंद करून, कूलर बंद करून, कारण त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायचा. मी बाहेरून ऐकायचे. सगळं सुरेल, सगळं गुळगुळीत. मे संपायच्या आधी तिनं पाठवलं. जूनमध्ये उत्तर आलं. गोव्याच्या बाईंनी फार प्रेमानं लिहिलं होतं. वाजवणं स्वच्छ आहे, मेहनत दिसते, पण यात तू कुठे आहेस ते मला ऐकू आलं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पाठव. रेवानं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, “बघ, मी म्हटलं होतं ना, मला अजून कळत नाही.” रडली नाही. मीच रडले, मोरीत जाऊन. कशासाठी ते मला तेव्हा धड कळलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी तिनं पाठवलं नाही. खस बदलायचे दिवस आले तेव्हा मी एकदा ऑफिसातून परस्पर तुलसी नगरला गेले. काका गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या सुनेला सावली धरून उभे होते. गिटार इंदूरच्या एका मुलीनं नेली म्हणाले. “तिनं कुणाला विचारलं नाही. दहा मिनिटं वाजवली आणि उचलली.” मी चहा न घेताच निघाले.

आता रेवा पुण्यात असते. चांगली नोकरी आहे, नखं कापलेली असतात. शहाणी, मनमिळाऊ, सगळ्यांना आवडते. आणि तिला साधा कुकर घ्यायचा झाला तरी ती दीडशे लोकांची मतं वाचते. दोन कुर्त्यांचे फोटो पाच जणींना पाठवते आणि त्यांतल्या तिघींना आवडलेला घेते. मागच्या दिवाळीत एक स्थळ आलं होतं. मुलगा भेटून गेल्यावर मी विचारलं, “कसा वाटला गं तुला?” ती म्हणाली, “छान आहे ना? बाबांना आवडला. मावशीलाही आवडला.” मी पुन्हा विचारलं, तुला? ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मी ह्यांना सांगून टाकलं, हे स्थळ नको. ह्यांना कारण कळेना. मला भीती वाटली होती हो. माझ्या एका तक्त्यानं मी तिचा कान तोडला असं मला वाटतं, आणि ह्यांना ते सांगितलं की ते म्हणतात, तू उगाच राईचा पर्वत करतेस. असेलही. पण त्या दिवशी कूलरपाशी तिची पाठ मीच पाहिली होती, ह्यांनी नाही.

परवा ती चार दिवसांसाठी आली. दुपारी पडदे ओढून आम्ही दोघी खाली फरशीवर आडव्या पडलो होतो. बाहेर लूच्या झळा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती मोबाईलवर काहीतरी वाचत होती. मी सहा वर्षं जे विचारायचं टाळलं होतं, ते छताकडे बघत विचारून टाकलं. म्हटलं, “रेवा, मी तेव्हा सगळ्यांना विचारलं गं, तुला एकटीला विचारलं नाही. त्या तुलसी नगरच्या गिटारीत तुला काय ऐकू आलं होतं?”

ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं चिडावं म्हणून मी जीव मुठीत धरून पडले होते. चिडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

तिनं मोबाईल बाजूला ठेवला. कपाळाला आठ्या घालून, खरोखर मनापासून आठवून पाहिलं. मग माझ्याकडे कुशीवर वळली.

“आठवत नाही गं आई. सगळे ती खराब आहे म्हणत होते, तेच आठवतं.” मग तिनंच विचारलं, “मला खरंच आवडली होती का ती?”

“हो,” मी म्हटलं. “फार आवडली होती. मी पाहत होते तुझ्याकडे.”